आधी घाट, मग लेणी, शेवटी गड

अवसरी बुद्रुकहून जुन्नरला सहल निघाली की तिचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. ओझरचा विघ्नहर, लेण्याद्रीचा गिरिजात्मज, दुपारचं जेवण आणि वेळ उरलाच तर शिवनेरी. नाणेघाट पावसाळ्यासाठी राखून ठेवलेला. तिथे पोरं जातात ती उलटा धबधबा बघायला. दर्शन होतं, फोटो निघतात, पण या सगळ्या जागा एकमेकींच्या कोण लागतात हे गाडीत कुणी कुणाला सांगत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम फिरवावा. आधी घाट, मग लेणी आणि शेवटी गड. अंतर तेच आणि डिझेलही जवळपास तेवढंच. पण वाट जशी घडली तशी बघितली की विखुरलेली ठिकाणं एका सुतात येतात. सोबत मात्र जाणता माणूस हवा. जुन्नर भागात गड आणि लेणी पाठ असलेली तरुण मंडळी आता वाटाड्याचं काम करतात. त्यांना आधी फोन करून, दिवसाचे पैसे ठरवून न्यावं. दगड स्वतःहून बोलत नाही.

पहाटे साडेपाचला अवसरी सोडली तर मंचर, नारायणगाव, जुन्नर करत उन्हं चढायच्या आत घाटमाथा गाठता येतो. जुन्नरच्या पुढे रस्ता आपटाळे, चावंडवरून घाटघरकडे जातो. बाजूला माणिकडोहचं पाणी पसरलेलं असतं आणि चावंडचा कातळ समोर उभा राहतो. वाट थोडी वाकडी करायची तयारी असेल तर पूरचं कुकडेश्वर मंदिर पाहून घ्यावं. कुकडी नदी तिथे उगम पावते आणि मंदिराच्या भिंतीवरचं कोरीवकाम डोळे भरून बघण्यासारखं आहे. पण एका दिवसात सगळं साधायचा हट्ट धरू नये. कुकडेश्वर परतीलाही बघता येतं.

नाणेघाटात पोचलं की बहुतेक लोक कड्याच्या टोकाकडे, नानाच्या अंगठ्याकडे धावतात. वाटाड्या चांगला असेल तर तो आधी खिंडीच्या तोंडाशी असलेल्या दगडी रांजणापाशी नेतो. कोकणातून, कल्याणच्या बंदराकडून चढून येणाऱ्या मालावरची जकात या रांजणात पडे, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. रांजण खरोखर जकातीचा असो वा नसो, वाट मात्र जकातीची होती यात शंका नाही. खाली मुरबाडकडचं वैशाखरे, वर जुन्नर, पुढे पैठण. सातवाहनांच्या राजधानीकडे जाणारा माल याच दगडी पायऱ्यांवरून चढत होता.

खिंडीतून थोडं खाली उतरलं की ती प्रसिद्ध गुहा लागते. इथे घाई करू नये. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानला जातो. अश्वमेध आणि राजसूयासारखे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणा यांची ती यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण नाणी. या यादीतल्या संख्या चिन्हांनी लिहिल्या आहेत, म्हणून भारतीय अंकांचा इतिहास लिहिणाऱ्याला या भिंतीपाशी यावंच लागतं. शून्य अजून आलेलं नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज मूर्ती जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत, काहींची पावलं तेवढी शिल्लक आहेत. डोक्यावरची नावं मात्र वाचता येतात: सिमुक सातवाहन, देवी नागनिका, राजा सातकर्णी, कुमार हकुसिरी आणि इतर. १९ व्या शतकात विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ही गुहा अभ्यासकांच्या नजरेस आणली आणि पुढे भगवानलाल इंद्रजींनी लेखांवर मोलाचं काम केलं.

अक्षरांवर हात फिरवणारे, पाणी ओतून फोटोसाठी ती 'उठावदार' करणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. सकाळचं तिरपं ऊन किंवा कडेने धरलेली बॅटरी एवढ्यावर अक्षरं छान उठून दिसतात.

घाटातून परतताना वाटाड्याला एकच प्रश्न विचारावा: ही जकात आणि हा नफा गेला कुठे? एक मोठं उत्तर लेण्यांमध्ये आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. एका गावाभोवती एवढी लेणी भारतात दुसरीकडे नाहीत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि खुद्द शिवनेरीच्या कड्यात ती खोदलेली आहेत. अजिंठ्यासारखी रंगवलेली भव्यता इथे नाही, म्हणून पर्यटक कमी. पण कुणी दिलं, काय दिलं आणि कशासाठी दिलं हे सांगणारे शिलालेख इथे एवढे आहेत की दोन हजार वर्षांपूर्वीची बाजारपेठ नावानिशी समोर येते. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दिलं. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींचीही नोंद आहे. आडुथुम नावाच्या शक उपासकाने करंजाची आणि वडाची झाडं लावण्यासाठी जमिनीचं उत्पन्न लावून दिलं. मानमोडीला क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे, वर्ष ४६ चा. ते शकवर्ष धरलं तर इसवी सन १२४.

आणि यवन. ग्रीक किंवा त्या बाजूचे म्हणून ओळखले जाणारे तीन दाते इथे आपली नावं ठेवून गेले. इरिलाने पाण्याच्या दोन टाक्या दिल्या. चिताने शिवनेरीच्या लेण्यांत भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. चंदाने मानमोडीच्या चैत्याच्या दर्शनी भागाचा खर्च केला; तिथे कमानीत गजलक्ष्मी कोरलेली आहे. ही माणसं बहुधा नाणेघाट चढून आली, इथे पैसा कमावला आणि त्यातला काही भाग इथल्याच डोंगरात कोरून ठेवला.

लेण्याद्रीला पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. माकडं फार आहेत, हातात पिशवी दिसली की ती गेलीच समजा. वर गिरिजात्मजाचं जे देऊळ आहे ते मुळात सातव्या क्रमांकाचं लेणं, म्हणजे भिक्षूंचा विहार. मध्ये एकही खांब नसलेला सतरा मीटरहून रुंद मंडप आणि तीन बाजूंनी वीस खोल्या. दर्शनाच्या रांगेत उभं राहून भाविक या खोल्यांकडे बघतात, पण त्या कशासाठी आहेत हे बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. आणि अगदी शेजारी, काही पावलांवर, सहाव्या क्रमांकाचं चैत्यगृह आहे. तिथे मात्र रांग नाही. माझी सगळ्यात मोठी खंत हीच आहे. अष्टविनायकाला आलेली लाखो माणसं या दारापर्यंत येतात आणि आत न डोकावता उतरतात.

आत गेलात तर खांबांकडे नीट बघा. प्रत्येक खांबाचा पाया घटाच्या आकाराचा आहे, वर पाठीला पाठ लावून बसलेले हत्ती आणि सिंह. छताला दगडातूनच कोरलेल्या लाकडी वाशांसारख्या कमानी आहेत. लाकडी इमारत बांधणाऱ्या सुतारांची सवय दगड कोरणाऱ्यांच्या हातातही टिकली, ती अशी. दारावरचा लेख सांगतो की हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचं दान आहे. सकाळी ज्या घाटातून आपण खाली कल्याणच्या दिशेला बघत होतो, त्याच बाजूच्या माणसाने हे खोदायला पैसे दिले. घाट आणि लेणी एकाच दिवशी, याच क्रमाने बघायची ती यासाठी. ज्यांच्याकडे आणखी एक दिवस असेल त्यांनी पाडळीजवळचं तुळजा लेणं चुकवू नये. तिथला चैत्य गोल आहे, मध्ये स्तूप आणि भोवती बारा अष्टकोनी खांब. असा आराखडा पश्चिम भारतातल्या लेण्यांत फार दुर्मीळ.

दुपारी जेवायला जुन्नरमध्ये किंवा नारायणगावच्या बाजूला मासवडी आणि बाजरीची भाकरी मिळाली तर दुसरं काही मागू नये. झणझणीत रस्सा मात्र बेताने घ्या, पुढे शिवनेरी चढायची आहे.

इटलीत रोमहून असे एक दिवसाचे दौरे निघतात: सकाळी तार्क्विनियाची रंगवलेली एट्रस्कन थडगी, दुपारी एखादं टेकडीवरचं मध्ययुगीन गाव. ओर्व्हिएतोसारख्या गावात वाटाडे पर्यटकांना आवर्जून विहीर दाखवतात. पोपच्या आज्ञेवरून १६ व्या शतकात खोदलेल्या त्या विहिरीत उतरायचा आणि चढायचा जिना वेगळा आहे, म्हणजे पाणी वाहणारी खेचरं समोरासमोर येऊ नयेत. वेढा पडला तरी गाव तहानेने मरू नये, हा त्यामागचा विचार. शिवनेरी बघतानाही तिथूनच सुरुवात करावी, पाण्यापासून.

गडावर टाकी ठिकठिकाणी आहेत. गंगा-जमुना टाकी कातळात खोदलेली आणि बारमाही. कमानी मशिदीच्या पायाशी पाण्याचं टाकं, जन्मस्थानाच्या इमारतीसमोर बदामी तलाव, धान्यासाठी अंबरखाना. सातवाहनकाळातल्या पोढ्यांची जी कला लेण्यांत दिसली, तीच पुढे गडाच्या कामी आली. १६७० च्या दशकात डॉ. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून जुन्नरला आला होता. एक हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढी शिधासामग्री गडावर असल्याची नोंद त्याने केली. एवढा साठा असलेला गड सहजासहजी पडत नाही.

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म इथे झाला. १६३७ मध्ये गड मोगलांकडे गेला. महाराजांनी १६५७ मध्ये जुन्नर शहरावर रात्री छापा घालून खजिना आणि घोडे नेले, पण जन्मभूमीचा हा गड त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. तो मराठ्यांकडे आला १७१६ मध्ये, शाहू महाराजांच्या काळात. सात दरवाजे ओलांडताना हे लक्षात ठेवलं तर प्रत्येक वळण, प्रत्येक बुरूज वेगळा दिसतो. कोळी चौथऱ्यापाशी थांबावं. मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांचा तिथे संहार झाला, अशी आठवण या भागात जपलेली आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत शिवनेरी आहे. २०१८ मध्येच राज्य सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं होतं. आता गर्दी वाढणार, ती वाढावीही. पण गर्दीला वाट दाखवणारी माणसं त्याच वेगाने तयार व्हायला हवीत. अवसरी-मंचर पट्ट्यातल्या शाळांनी आपली सहल याच क्रमाने काढली आणि एखाद्या वाटाड्याला दिवसभर मुलांसोबत ठेवलं, तर इतिहासाच्या पुस्तकातली सातवाहन, यवन, निजामशाही ही नावं मुलांना त्यांच्या ओळखीच्या रस्त्यावर भेटतील. मलिक अहमदने निजामशाहीचा पाया जुन्नरमधूनच घातला, अहमदनगर पुढे वसलं, हेही त्यांना कळेल.

थोडं व्यवहाराचं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात घाटातला दगड शेवाळलेला असतो आणि धुक्यात कडा दिसत नाही. शिवनेरी, लेण्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा. गडावरून पाचच्या सुमारास उतरायला लागावं. परतीचा रस्ता उसाच्या पट्ट्यातून जातो आणि बिबट्यांचा हा मुलूख असल्यामुळे अंधारात गाडी थांबवून शेताच्या कडेला उतरू नये. नारायणगावात चहा घेऊन निघालात तर रात्रीच्या जेवणाला अवसरीत पोचता येतं.