घर तेच, घरपट्टी आठपट!

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला मुलाकडे गेलेल्या आजोबांना संध्याकाळी फिरताना एक कोडं पडतं. एकाच गल्लीत एकाच नकाशाची दोन घरं. मग शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याची घरपट्टी इतकी किरकोळ कशी?

मुंबईतली पागडीची जागा आठवा. बाजार कुठल्या कुठे गेला, भाडं मात्र जुन्या काळातच. कॅलिफोर्नियात १९७८ साली मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर केलं आणि घरपट्टीचंही तसंच झालं. काउंटी, म्हणजे तिथलं जिल्हा प्रशासन, घराचं मूल्य खरेदीच्या वेळी ठरवते, मूळ कर त्याच्या १ टक्का. पुढे बाजारभाव कितीही उडो, हे मूल्य वर्षाला फार तर २ टक्के वाढतं. तेव्हा १ लाख डॉलरला घेतलेलं घर अजूनही काउंटीच्या वहीत अडीच लाखांच्या आसपास. कर अडीच हजार. शेजारचं घर मुलानं घेतलं २० लाखांना. कर २० हजार! वर शाळांच्या कर्जरोख्यांसारखे स्थानिक आकार वेगळेच.

म्हाताऱ्यांना आधार, हे खरं. पण तरुणांवर अन्याय, असं मला वाटतं. विक्री झाली की बहुधा मूल्य नव्यानं ठरतं. म्हणून तिथे घर घेताना जुन्या मालकाचं बिल पाहून हुरळू नका. आपल्या खरेदीच्या किमतीवर हिशेब करा.