कंधारचा क्षेत्रपाल

प्रेषित पौल अथेन्स नगरास गेला तेव्हां तेथील पूजास्थानें त्यानें हिंडून पाहिलीं, एका वेदीवरील लेख वाचला, आणि मग तेथील लोकांशीं बोलावयास तोंड उघडलें. परक्या नगरीं बोलण्यापूर्वीं पाहावें व वाचावें, हा धडा त्यांत आहे. अथेन्स दूर आहे. परंतु प्राचीन नगर पाहावयाचें तर आपल्या नांदेड जिल्ह्यांतच कंधार आहे. यंदा नाताळच्या सुटीपूर्वीं आम्ही वरच्या वर्गांतील मुलांस घेऊन तेथें गेलों होतों. त्या वेळीं मुलांस जें सांगितलें, तेंच येथें थोडक्यांत देत आहों.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. अफगाणिस्थानांतील कंदहार निराळें. त्या प्रांतीं शिकंदरानें ग्रीक वसाहत स्थापिली होती, आणि १९५८ सालीं तेथें सांपडलेला अशोकाचा शिलालेख ग्रीक व अरमाईक अशा दोन भाषांत आहे. आपलें कंधार मन्याड नदीच्या खोऱ्यांतलें. राष्ट्रकूट राजा कृष्ण तिसरा (इ. स. ९३९ ते ९६७) यास ‘कंधारपुराधीश्वर’ असें म्हणत. येथें मिळालेल्या त्याच्या काळच्या शिलालेखांत देवळें व त्यांस दिलेलीं दानें यांची नोंद आहे. शेजारच्या लातूरचाही मान लहान नाहीं. राष्ट्रकूट स्वतःस लट्टलूरचे, म्हणजे लातूरचे, स्वामी म्हणवीत.

किल्ला डोंगरावर नाहीं, सपाटीवर आहे. डोंगरी किल्ल्यास कडा राखतो. भुईकोटास ती सोय नाहीं, म्हणून भोंवतीं खंदक खणून त्यांत पाणी खेळवितात. पाण्यामुळें शत्रूस तटास शिडी लावणें किंवा तटाखालीं सुरुंग नेणें अवघड होतें. अवघड होतें, अशक्य नव्हे. इ. स. १६३१ मध्यें शहाजहानचा सरदार नसीरी खान यानें वेढा घालून व सुरुंग उडवून हा किल्ला घेतलाच.

आंत हिंडतांना एकच काळ दिसत नाहीं. कोठें जुन्या देवळांचे कोरीव दगड, कोठें जैन तीर्थंकरांच्या मूर्ति, कोठें मशीद व फारसी लेख. गांवांत हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे, व तेथें उरूस भरतो. अथेन्सच्या पार्थेनॉनचेंही असेंच झालें. तें आधीं अथीनादेवीचें मंदिर, मग ख्रिस्तमंदिर, मग मशीद, आणि शेवटीं दारूचें कोठार. १६८७ सालीं व्हेनिसच्या तोफेचा गोळा त्यावर पडला, आणि दोन हजार वर्षें टिकलेली ती इमारत क्षणांत विदीर्ण झाली.

कंधारांतील सर्वांत थोर वस्तु म्हणजे क्षेत्रपालाची भग्न मूर्ति. क्षेत्रपाल म्हणजे स्थळाचें रक्षण करणारा देव. ही मूर्ति एवढी प्रचंड होती कीं तिचें नुसतें पाऊल पाहून मुलें गप्प झालीं. आज तिचे तुटलेले अवयवच तेवढे उरले आहेत. नगराच्या रखवालदाराचेंच रक्षण झालें नाहीं.

तेवढ्यांत एक मुलगा भिंतीशीं पाठमोरा उभा दिसला. खिळ्यानें तो आपलें नांव कोरीत होता. दोन अक्षरें झालीं होतीं. आम्हीं त्यास रागें भरलों नाहीं, एवढेंच विचारलें, “बाळ, ज्यांचीं नांवें जुन्या शिलालेखांत आहेत, त्यांनीं कांहीं दिलें होतें. तूं काय दिलेंस?” त्यानें मान खालीं घातली, खिळा आमच्या हातीं दिला, आणि परत निघेपर्यंत तो कोणाशीं बोलला नाहीं. तीं दोन अक्षरें मात्र तेथेंच राहिलीं. दगडास पश्चात्ताप कळत नाहीं.

संध्याकाळीं जगत्तुंग सागर पाहिला. हा राष्ट्रकूटांच्या काळचा तलाव. त्या वंशांतील गोविंद तिसरा याचें ‘जगत्तुंग’ हें बिरुद होतें. कृष्णराजानें ९४९ मध्यें तक्कोलम् येथें चोळांचा पराभव केला. परंतु त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांत, ९७३ मध्यें, राष्ट्रकूटांचें राज्य बुडालें. राज्य गेलें, मूर्ति भंगली, तट ढांसळले. तलावांत मात्र पाणी आहे. जें लोकांच्या तहानेसाठीं केलें, तें अधिक टिकलें, असें आम्हांस वाटलें.

पालकांस विनंति अशी कीं, सुटींत मुलांस एकवार कंधार दाखवावें. विद्यार्थ्यांस सांगणें इतकेंच: तेथील कोणताही दगड घरीं आणूं नका, आणि भिंतीवर कांहीं लिहूं नका. तीं देवळें कोणत्या धर्माचीं, ती मशीद कोणाची, हें पाहून आदर कमीअधिक करूं नका. शेजाऱ्याचा ठेवा तो आपलाही ठेवा. जुना क्षेत्रपाल पडला आहे. आतां हें काम तुमच्याकडे आलें आहे.