वीकएंड, गोळाभात आणि बिघडलेली रिपॉझिटरी

शनिवारची दुपार. नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या पारशिवनीत, आपल्या घरी, पानात आईच्या हातचा गोळाभात. पहिला घास उचलावा आणि मोबाईल वाजावा. ऑफिस! तुमचंही असंच होतं ना?

गोष्ट २००६ची. पुण्याहून ज्युनिअरचा रडवेला आवाज, ‘‘सर, काल रात्री सर्व्हर अपग्रेड केला. आता रिपॉझिटरी उघडतच नाहीये.’’

आयटीत नसलेल्या मित्रांसाठी सांगतो, रिपॉझिटरी म्हणजे प्रोग्रॅमची वही. कोणती ओळ कुणी, कधी, कशासाठी बदलली, सगळं त्यात. ती गेली तर आजचा कोड कुणाच्या तरी मशीनवर सापडेल, पण मागचा इतिहास खल्लास. आमचा दोन वर्षांचा होता. आणि सोमवारी डिलिव्हरी!

आम्ही सबव्हर्जन वापरायचो. २००४मध्ये त्याचं १.० आलं तेव्हा डेटा बर्कले डीबीमध्ये राहायचा. अपग्रेडमध्ये ही लायब्ररी गुपचूप ४.२ची ४.३ झाली, की लॉग फाइल्सचा साचा बदलतो. नवी लायब्ररी जुन्या लॉग्जना ओळखच देत नाही. व्हर्जन जुळत नाही, एवढं सांगून मोकळी. डेटा मात्र बहुतेक वेळा जागच्या जागी असतो.

‘‘रिकव्हर कमांड मारलीस?’’

‘‘तीनदा, सर.’’

झालं! घाबरलेला माणूस हेच करतो. मी म्हटलं, आता कशालाही हात लावू नकोस. सर्व्हिस बंद कर आणि अख्खा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी कर. पुढचे प्रयोग त्या कॉपीवर. तोवर आई म्हणाली, ‘‘आधी जेवून घे ना बाप्पा.’’

पुढचं काम मी गच्चीवरून केलं, कारण रेंज तिथेच. दुसऱ्या मशीनवर जुनी लायब्ररी आणि तिच्यासोबतचं जुनं सबव्हर्जन टाकायला लावलं. रिकव्हर जुन्यानेच करायचं, नव्याने नाही. इथेच सगळे फसतात. कॉपी उघडली! मग डम्प काढला, म्हणजे सगळा इतिहास एका फाइलमध्ये. ती कुठल्याही व्हर्जनला वाचता येते. नवी रिपॉझिटरी एफएसएफएस पद्धतीची केली. साध्या फाइल्स, बर्कले डीबीची कटकटच नाही. २००५मध्ये सबव्हर्जन १.२पासून डिफॉल्ट तीच होती. आम्ही आळशी, बदलली नव्हती.

आता गिटवाले हसतील. प्रत्येकाकडे पूर्ण प्रत, भीती कसली? मार्च २०१३मध्ये केडीई या ओपन सोर्स प्रकल्पाचा सर्व्हर अपडेटसाठी बंद करून सुरू केला, तर फाइल सिस्टिम खराब. मिरर सर्व्हर्सनी इमानेइतबारे तो बिघाडही उतरवून घेतला! सुमारे १५०० रिपॉझिटरीज जाण्याच्या बेतात होत्या. नुकत्याच उभारलेल्या एका सर्व्हरवर चांगली प्रत उरली होती, म्हणून निभावलं. आपोआप सिंक होणारी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, ती आरशातली छबी. तोंडाला काळं लागलं की तिच्याही लागणार.

रात्री अकराला लोड संपलं. शेवटची रिव्हिजन, तारखा, नावं जुळवून घेतली, व्हेरिफाय चालवलं. ज्युनिअर म्हणाला, ‘‘सर, ती जुनी बिघडलेली रिपॉझिटरी डिलीट करू?’’

मी गच्चीवरून जवळजवळ ओरडलोच, ‘‘अजिबात नाही!’’

खाली आलो तेव्हा गोळाभात दुसऱ्यांदा गरम होत होता.