नोकरी गेली, पगार घटला. मग पोटगी आपोआप कमी होते का?

नोकरी गेली, धंदा बसला किंवा पगार निम्म्यावर आला की घराचं सगळं गणित कोलमडतं. घरखर्चात हात आखडता घेता येतो, बँकेशी बोलून कर्जाचा हप्ता कमी करून घेता येतो. पण कोर्टाने ठरवून दिलेल्या पोटगीचं काय? "कमाईच नाही, तर देऊ कुठून?" असं म्हणत काही जण पैसे देणंच थांबवतात. खरी अडचण तिथून सुरू होते.

कारण कमाई घटली म्हणून पोटगी आपोआप कमी होत नाही. ती कमी करून घेण्याची सोय कायद्यात आहे. मात्र त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागतो आणि तो वेळेवर करावा लागतो.

कायदा काय सांगतो?

आधी हे पाहा की तुमच्या पोटगीचा आदेश कोणत्या कायद्याखाली झाला आहे. आदेशाच्या प्रतीवर ते लिहिलेलं असतं.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालची पोटगी सर्वधर्मीयांना लागू होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. परिस्थिती बदलली तर ही रक्कम कमी-जास्त करण्याची तरतूद कलम १४६ मध्ये आहे. जुन्या कायद्यात हेच कलम १२७ होतं.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमस्वरूपी पोटगी ठरली असेल, तर त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाखाली अर्ज करता येतो. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ मध्येही कलम २५(२) खाली तशी सोय आहे.

तिन्ही कायद्यांचा गाभा एकच: आदेशानंतर परिस्थितीत खरा बदल झाला आहे, हे दाखवावं लागतं. आदेशाच्या वेळी जी अडचण होतीच, ती नवीन म्हणून पुढे करता येत नाही.

उशीर केला तर किती महागात पडतं?

समजा, दरमहा १५,००० रुपये पोटगीचा आदेश आहे. जानेवारीत नोकरी गेली, पैसे देणं थांबलं आणि अर्ज केला ऑक्टोबरमध्ये. मधल्या ९ महिन्यांची थकबाकी झाली १,३५,००० रुपये. पुढे कोर्टाने रक्कम कमी केली, तरी ही जुनी थकबाकी सहसा तशीच अंगावर राहते.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या एका प्रकरणात सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. आदेशातला बदल पुढच्या काळासाठी लागू होतो. अर्जाच्या आधी दिलेली पोटगी परत मागता येत नाही. म्हणजे उत्पन्न घटल्याचा दिवस आणि अर्जाचा दिवस यांत जितकं अंतर, तितका तोटा.

कोर्ट काय तपासतं?

रजनीश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांसाठी देशभर लागू होणारे नियम घालून दिले. त्यानुसार दोन्ही बाजूंनी आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. दोघांचं शिक्षण, कमाई, राहणीमान, मुलांचा खर्च, अवलंबून असलेली माणसं हे सगळं पाहून रक्कम ठरते.

पोटगीचं ठरावीक सूत्र नाही. कल्याण डे चौधरी प्रकरणात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम वाजवी मानली होती. पण त्याच निकालात, पतीच्या दुसऱ्या संसाराची जबाबदारी लक्षात घेऊन, उच्च न्यायालयाने ठरवलेले २३,००० रुपये २०,००० वर आणले. त्यामुळे '२५ टक्के' हा सगळ्यांना लागू होणारा नियम समजू नका.

'कमाई नाही' एवढं सांगणं पुरतं का?

नाही. कोर्ट प्रत्यक्ष कमाईबरोबरच कमावण्याची क्षमताही पाहतं. शमीमा फारुकी प्रकरणात पतीने नोकरीतून निवृत्ती घेतल्यानंतर उच्च न्यायालयाने पोटगी ४,००० वरून २,००० केली होती. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा ४,००० केली. धडधाकट माणसाला 'कमाई नाही' या सबबीवर जबाबदारी झटकता येत नाही, ही कोर्टांची भूमिका आहे.

त्यामुळे राजीनामा का दिला, त्यानंतर काम शोधलं का, खात्यात इतर पैसे येतात का, हे प्रश्न विचारले जाणारच. कंपनीने काढलं असेल, गंभीर आजार किंवा अपघात झाला असेल, तर बाजू भक्कम असते. मात्र कागद हवेत.

पैसे दिलेच नाहीत तर?

कलम १४४ च्या पोटगीसाठी कोर्ट वसुलीचं वॉरंट काढू शकतं. तरीही पैसे आले नाहीत, तर थकलेल्या महिन्याच्या पोटगीसाठी एक महिन्यापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. तुरुंगात जाऊन आलं म्हणून थकबाकी फिटत नाही. दिवाणी आदेशाच्या वसुलीत पगारावरही जप्ती येते. इतर देण्यांपेक्षा इथे संरक्षण कमी आहे: पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित राहतो.

मग करायचं काय?

• उत्पन्न घटताच ज्या कोर्टाने आदेश दिला तिथे बदलासाठी अर्ज करा.

• नोकरीवरून काढल्याचं पत्र, आधीच्या आणि आताच्या पगाराच्या स्लिप, बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, दवाखान्याची कागदपत्रं जोडा. नोकरीसाठी केलेल्या अर्जांचे ईमेलही जपून ठेवा.

• निकाल लागेपर्यंत जमेल तेवढी रक्कम देत राहा. ती बँकेतूनच द्या, म्हणजे पुरावा राहतो.

• दोघांत कमी रकमेवर तडजोड झाली, तर ती कोर्टासमोर नोंदवून घ्या. व्हॉट्सॲपवरच्या होकाराने कोर्टाचा आदेश बदलत नाही.

• वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १५१०० या हेल्पलाइनवर माहिती मिळते. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना आणि सर्व महिलांना मोफत कायदेशीर मदत मिळू शकते.

पोटगी घेणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

समोरच्याने अर्ज केला म्हणजे पोटगी कमी झाली, असं नाही. तुम्हालाही तुमची बाजू आणि वाढलेला खर्च मांडता येतो. महागाई वाढली, मुलांच्या फी वाढल्या, तर रक्कम वाढवून मागण्याचा हक्क याच कलमांत आहे. कलम १४४ खालची थकबाकी वॉरंटद्वारे वसूल करायची असेल, तर ती देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. ही मुदत चुकवू नका.

पोटगीच्या पैशांवर बहुतेक वेळा एखादं घर आणि मुलांची शाळा चालते. ते पैसे अचानक थांबले, तर अडचण दोन्ही घरांत शिरते. पगार घटला असेल, तर ते लपवू नका आणि पुढेही ढकलू नका. कागद गोळा करा आणि याच महिन्यात अर्ज करा.