विश्लेषण : मराठी मालिकेखाली इंग्रजी ओळी; कर्णबधिर प्रेक्षकाला त्या पुरेशा का नाहीत?

ओटीटीवर मराठी चित्रपट लावला की खाली बहुतेक वेळा इंग्रजी ओळी येतात. मराठी न येणाऱ्या प्रेक्षकासाठी ही सोय चांगलीच. पण मराठी वाचता येणाऱ्या आणि ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकाला तिचा फारसा उपयोग नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख होती. वयोमानाने ऐकू कमी येऊ लागलेले, पण स्वतःला दिव्यांग न मानणारे घराघरांतले आजी-आजोबा यात फारसे मोजलेच जात नाहीत.

सबटायटल आणि क्लोज्ड कॅप्शन यांत फरक काय?

सबटायटल हे मुख्यतः भाषांतर असते. प्रेक्षकाला ऐकू येते, फक्त भाषा कळत नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते. कॅप्शन ऐकू न येणाऱ्यासाठी असते, म्हणून त्यात संवाद त्याच भाषेत येतो आणि सोबत आवाजही लिहिलेले असतात : ‘दारावर थाप’, ‘शेजारच्या खोलीत रडण्याचा आवाज’, ‘फोन वाजतो’. बोलणारा पडद्यावर दिसत नसेल तर त्याचे नाव येते. रहस्यपटात पायऱ्यांवर पावले वाजतात आणि नायिका दचकून मागे पाहते. पावलांची ओळ नसेल तर ती का दचकली, हे कर्णबधिर प्रेक्षकाला कळत नाही. ‘क्लोज्ड’ म्हणजे हवे तेव्हा सुरू-बंद करता येणारे. चित्रातच कायमचे छापलेले असेल तर ते ‘ओपन’.

ही सोय आली कुठून?

अमेरिकेतून. ज्युलिया चाइल्ड यांच्या ‘द फ्रेंच शेफ’ या पाककृतींच्या कार्यक्रमाला १९७२ मध्ये ओपन कॅप्शन मिळाले, तर क्लोज्ड कॅप्शनचे नियमित प्रसारण मार्च १९८० मध्ये सुरू झाले. तेव्हा त्यासाठी टीव्हीला वेगळा डबा जोडावा लागे. १९९० च्या कायद्याने १३ इंच आणि त्याहून मोठ्या टीव्हीत ही यंत्रणा आतच बसवणे सक्तीचे केले आणि १९९३ पासून ते अमलात आले.

इंटरनेटवर मात्र गाडी पुन्हा मागे गेली. अमेरिकेतील कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०११ मध्ये नेटफ्लिक्सवर दावा लावला. दिव्यांग हक्कांचा कायदा फक्त दुकाने, इमारतींना नव्हे तर संकेतस्थळावरच्या सेवेलाही लागू होऊ शकतो, अशी भूमिका न्यायालयाने २०१२ मध्ये घेतली. त्यानंतर त्याच वर्षी तडजोड झाली आणि २०१४ पर्यंत तिथल्या सर्व कार्यक्रमांना कॅप्शन देण्याचे कंपनीने मान्य केले. आज ही सोय जगभर गृहीत धरली जाते, ती कंपन्यांच्या औदार्यातून आलेली नाही.

भारतात कायदा काय सांगतो?

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४२ मध्ये ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा आणि क्लोज्ड कॅप्शन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ओटीटीसाठीच्या २०२१ च्या नियमांत मात्र ‘शक्य असेल तितपत’ अशी सवलत आहे आणि तिचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावला. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’च्या ओटीटी आवृत्तीसाठी ध्वनिवर्णन आणि कॅप्शन तयार करण्याचे निर्देश निर्मात्यांना दिले. मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांतील चित्रपटांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने ओटीटीसाठी स्वतंत्र मसुदा जाहीर केला.

मराठीत अडते कुठे?

अडचण कायद्यापेक्षा कामाच्या पद्धतीत जास्त आहे. इंग्रजी सबटायटलमुळे चित्रपट देशाबाहेर जातो, त्याला पैसे मिळतात. मराठीखाली मराठी लिहिण्यात बाजार दिसत नाही. खरे तर संवादाची संहिता लेखकाकडे मराठीत तयार असते. चित्रीकरणात बदललेली वाक्ये दुरुस्त करून, वेळ जुळवून आणि आवाजांच्या नोंदी घालून तिचेच कॅप्शन होऊ शकते. शून्यातून करायचे भाषांतर याहून सोपे नाही.

संगणकाने आपोआप लिहिलेल्या ओळींवर विसंबणे हा दुसरा सापळा. बातमीपत्रातल्या संथ प्रमाण मराठीत त्या बऱ्यापैकी चालतात. पण मालवणी, वऱ्हाडी बोली, एकमेकांवर ओरडणारी चार माणसे आणि मागे ढोल-ताशा, की सगळे गडबडते. कोण बोलले हेही बहुधा कळत नाही. स्ट्रीमिंगमध्ये कॅप्शन ही वेळेच्या नोंदींसह वेगळी मजकूर-फाइल असते आणि अक्षरे अनेकदा टीव्ही किंवा स्टिकच पडद्यावर काढते. तिथे देवनागरीचा फॉन्ट धड नसेल तर जोडाक्षरे तुटतात, वेलांटी भलत्याच जागी जाते. म्हणजे फाइल अचूक असूनही वाचता येत नाही.

आणखी एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते, लिखित मराठी दुसरी. वेगाने सरकणाऱ्या लांब ओळी त्यांना जड जातात. त्यांच्यासाठी पडद्याच्या कोपऱ्यातील दुभाषीच उपयोगी. कॅप्शन त्याची जागा घेत नाही.

फोन आणि टीव्हीवर हे कुठे सापडते?

आधी कार्यक्रमाच्या भाषांच्या यादीत पाहावे. भाषेपुढे ‘सीसी’ किंवा ‘एसडीएच’ असेल तर आवाजांच्या नोंदीही असण्याची शक्यता जास्त. अक्षरे बारीक वाटत असतील तर अँड्रॉइड फोन, अँड्रॉइड टीव्ही, आयफोन आणि फायर टीव्ही या सर्वांत सेटिंग्जमधील ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ विभागात कॅप्शनचा आकार आणि रंग बदलता येतो. काळ्या पट्टीवर पिवळी किंवा पांढरी मोठी अक्षरे ज्येष्ठांना सोयीची पडतात. काही अ‍ॅप मात्र हे सेटिंग न जुमानता स्वतःचेच वापरतात. नेटफ्लिक्सवर ते खात्यातील प्रोफाइलमध्ये, सबटायटलच्या स्वरूपाखाली बदलावे लागते. घरातला टीव्ही कुटुंबाचा असला तरी आजोबांसाठी वेगळे प्रोफाइल करून तिथे मोठी अक्षरे ठेवली, तर बाकीच्यांच्या पडद्यावर ती येत नाहीत.