‘निलगिरी’ : फ्रिगेट युद्धनौकेची रचना आणि तिची सेवा

मुंबई : माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘आयएनएस निलगिरी’ ही युद्धनौका १५ जानेवारी २०२५ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. तमिळनाडूतील पर्वतरांगेचे नाव धारण करणारी ही नौका ‘प्रकल्प १७ ए’मधील सात फ्रिगेटपैकी पहिली आहे. यांपैकी चार नौकांची बांधणी मुंबईकडे, तर तीन नौकांची कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीकडे सोपविण्यात आली.

फ्रिगेट ही आकाराने विनाशिकेहून लहान आणि कॉर्व्हेटहून मोठी युद्धनौका होय. विमानवाहू नौकांना व व्यापारी जहाजांना संरक्षण देणे, पाणबुड्यांचा शोध घेणे आणि हवाई हल्ले परतवणे ही तिची प्रमुख कामे. माझगावातच बांधलेली पहिली ‘निलगिरी’ १९७२ मध्ये सेवेत आली होती. सुमारे १४९ मीटर लांबीची आणि ६,६७० टन विस्थापनाची आजची ‘निलगिरी’ वजनाने तिच्या दुपटीहून अधिक आहे.

फ्रिगेटच्या कामाचे गांभीर्य ‘आयएनएस खुकरी’च्या इतिहासातून उमगते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवनजीकच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने टॉर्पेडो डागून ही फ्रिगेट बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना वीरमरण आले. पाणबुडीचा माग वेळीच लागणे म्हणजे काय, याची किंमत नौदलाला त्या रात्री मोजावी लागली.

हा माग काढणे आजही सोपे नाही. सोनार यंत्रणा ध्वनिलहरी पाठवून त्यांच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी हुडकते. मात्र उष्ण कटिबंधातील समुद्रात वरचे पाणी उबदार आणि खालचे थंड असते. या थरांच्या सीमेवर ध्वनी वळतो आणि खालची पाणबुडी नौकेच्या सोनारला ‘दिसत’ नाही. म्हणूनच फ्रिगेटवर हेलिकॉप्टर असते. ते दूर जाऊन आपले सोनार थेट खालच्या थरात सोडू शकते.

शत्रूच्या नजरेतून निसटणे हाही रचनेचा भाग आहे. तिरकस भिंती रडारच्या लहरी आल्या दिशेने परत न पाठवता अन्यत्र वळवतात. तोफ वगळता बरीचशी शस्त्रे नौकेच्या आत बसवलेली असतात. ‘निलगिरी’वर ब्राह्मोस आणि जमिनीवरून वा नौकेवरून आकाशात मारा करणारी बराक-८ क्षेपणास्त्रे, तसेच ७६ मिलिमीटर तोफ आहे. नेहमीच्या प्रवासासाठी डिझेल इंजिने, तर वेगासाठी गॅस टर्बाइन वापरली जातात. जुन्या ‘निलगिरी’च्या बॉयलरमध्ये वाफ तयार होण्यास बराच अवधी लागे, टर्बाइन काही मिनिटांत सज्ज होते. नौकेचा कमाल वेग सुमारे २८ सागरी मैल, म्हणजे ताशी ५२ किलोमीटर आहे.

अशी नौका उभी राहण्यास वर्षे लागतात. डिसेंबर २०१७ मध्ये तिचा कणा बसविण्यात आला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलावतरण झाले. त्यानंतरची पाच वर्षे यंत्रे, शस्त्रे, केबल बसविणे आणि चाचण्या यांत गेली. आराखडा नौदलाच्याच युद्धनौका आरेखन विभागाचा असून पोलादही देशात तयार झालेले आहे.

सेवेत आल्यावर खरी परीक्षा दैनंदिन दक्षतेची असते. जानेवारी २०११ मध्ये जुनी ‘विंध्यगिरी’ मुंबई बंदराजवळ एका मालवाहू जहाजावर आदळली. तिला आग लागली आणि दुसऱ्या दिवशी ती धक्क्यालाच बुडाली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. जलरोधक कप्पे आणि अग्निशमन यंत्रणा म्हणूनच क्षेपणास्त्रांइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. आग विझवण्याचा आणि शिरणारे पाणी रोखण्याचा सराव त्यामुळे नौकेवरील प्रत्येकाला, स्वयंपाक्यापासून कप्तानापर्यंत, शांततेच्या काळातही सतत करावा लागतो.