मैदानावरचा मान आणि रस्त्याकडेची पाले

धुळ्याच्या बसस्थानकाजवळ पुस्तकांच्या गाड्यावर हिटलरच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर मांडलेले मी अनेकदा पाहिले आहे. विकत घेणाऱ्यांत आपली मुलेही असतात. जळगावला वर्गात एकाने मला सरळच विचारले, "सर, हिटलर वाईट म्हणता. मग त्याने ध्यानचंदला मान कसा दिला? अमरावतीच्या मल्लांना पदक कसे दिले?" मुलगा आमच्यासारख्याच वस्तीतला होता. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या मान आला नाही, त्यांना मान देणाऱ्याची भूल लवकर पडते. म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

समज पहिला : हिटलरला भारतीयांविषयी आदर होता.

वस्तुस्थिती अशी. १९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान आखाडा सुरू केला. त्यातून वाढलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेले आणि त्याने देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. हे कर्तृत्व खरे आहे. मात्र कबड्डी तेव्हा ऑलिंपिकमध्ये गेली, हे खरे नाही. त्या वर्षी अधिकृत प्रदर्शनी खेळ दोनच होते, बेसबॉल आणि ग्लायडिंग. १५ ऑगस्ट १९३६ रोजी भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरवले, हेही खरे. पण हिटलरने ध्यानचंदला जर्मन सैन्यात हुद्दा देऊ केला, या गोष्टीला भरवशाचा समकालीन पुरावा नाही.

पदकाची गोष्ट मात्र खरी धरून चालू. पाहुण्याला पदक देण्यात यजमानाचे काय जाते? ज्या पुस्तकावर आपल्या मुलांचे पैसे खर्च होतात, त्यातच हिटलरने भारताच्या स्वातंत्र्याची चळवळ तुच्छ लेखली आहे आणि भारत इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला बरा, असे म्हटले आहे.

शिवाय स्पर्धेच्या तोंडावर, १६ जुलै १९३६ रोजी, बर्लिनच्या पोलिसांनी सुमारे ६०० रोमा आणि सिंती लोकांना पकडून शहराच्या कडेला, मार्झान येथे डांबले. पाहुण्यांना ते दिसायला नकोत! या भटक्या म्हणवल्या गेलेल्या लोकांचे पूर्वज भारतातूनच गेलेले. म्हणजे भारतातून आलेल्या पाहुण्यांना टाळ्या आणि भारतीय वंशाच्या रहिवाशांना कोंडवाडा, हे एकाच महिन्याच्या आगेमागे घडले. आपल्याकडे १८७१ पासून गुन्हेगार जमाती कायदा होता. तो देशभर रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. तेव्हा हा प्रकार आपल्या पारधी बांधवांना नवा वाटणार नाही.

समज दुसरा : जेसी ओवेन्सने हिटलरचा डाव उधळला.

या कृष्णवर्णीय धावपटूने चार सुवर्णपदके जिंकली. त्याने वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताला चपराक दिली, यात शंका नाही. पण सर्वाधिक पदके जर्मनीनेच घेतली. रस्त्यांवरच्या ज्यूविरोधी पाट्या तेवढ्यापुरत्या उतरवल्या होत्या, आणि पुष्कळ पाहुणे यजमानाची स्तुती करीत परतले. उंच उडीत जर्मन विक्रमाची बरोबरी करणारी ग्रेटेल बर्गमान ज्यू होती. अमेरिकेचा संघ बोटीवर चढल्यानंतर तिला वगळण्यात आले. ओवेन्स मायदेशी परतला, तेव्हा न्यूयॉर्कच्या ज्या हॉटेलात त्याचा सत्कार होता, तिथे त्याला सामानाच्या लिफ्टने वर जावे लागले. त्याच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याचे साधे अभिनंदनही केले नाही. तेव्हा एकट्याच्या विजयाने व्यवस्था हरते, हे समाधान आपण सोडले पाहिजे.

आपला पळवणकर बाळू आठवा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. तरी पुण्यात त्याला चहा मिळे तो मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. चेंडू त्याच्या हातचा चालत होता, कप चालत नव्हता.

समज तिसरा : दोष हुकूमशहाचा, खेळसंस्था बिचाऱ्या निष्पाप.

बर्लिनची निवड १९३१ साली झाली, तेव्हा हिटलर सत्तेवर नव्हता, हे बरोबर. पण १९३५ साली ज्यूंचे नागरिकत्व काढून घेणारे कायदे झाल्यावरही ४९ देश आलेच. अर्जेंटिनाला १९७८ ची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा १९६६ सालीच दिलेली होती. १९७६ साली तिथे लष्कराने सत्ता बळकावली, माणसे नाहीशी होऊ लागली, तरी स्पर्धा हलली नाही. अंतिम सामन्याच्या मैदानाजवळच, नौदलाच्या शाळेत, छळछावणी होती. कोठडीतल्या कैद्यांना प्रेक्षकांचा जल्लोष ऐकू येत होता. मात्र याच स्पर्धेसाठी आलेल्या परदेशी वार्ताहरांनी हरवलेल्या मुलांच्या आयांचा आक्रोश जगापुढे नेला. प्रचाराची खिडकी आतल्या माणसालाही उघडता येते, ती अशी.

खेळ वाईट नाही, खेळाडूही नाही. आमच्या पोरांनी जरूर खेळावे, जिंकावे. त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले : मान कोणाला मिळाला, हे वाचलेस, त्या दिवशी मान नाकारला कोणाला, हेही शोध. ते शोधायला बर्लिनला जावे लागत नाही. आपल्या गावात मोठा सोहळा ठरला, की आदल्या रात्री रस्त्याकडेची कोणाची पाले उठली, एवढे पाहून यावे.